सामाईक दगड

धारेचा दगड विकत घ्यायला आलेला माणूस तो हातात घेतो, उलटापालटा करतो, फार तर त्यावर अंगठा फिरवतो. हा चाटायचा.

थट्टा नाही, मंडळी. मालवणच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि काउंटरच्या उजव्या अंगाला धारेच्या दगडांची चळत असते. तो यायचा, देवळात शिरावं तशा पायरीवर चपला काढायचा, सरळ त्या चळतीकडे जायचा. वरचा दगड उचलायचा, डोळे मिटायचे, जीभ बाहेर काढायची आणि दगडाच्या अंगाला टेकवायची. टेकवून तसाच उभा. दुकानातली गिऱ्हाइकं गप्प. खिळे तोलणारा माझा हात हवेत. मग जीभ सुटल्याचा बारीकसा आवाज यायचा आणि दशावतारातल्या राजाच्या थाटात निकाल जाहीर व्हायचा.

"तान्हेलो आसा ह्यो."

यातही शास्त्र होतं, बरं का. जीभ चिकटली तर दगड पाणी पिणारा, भरड. लोखंड झरझर खातो आणि स्वतःही झरझर झिजतो. जीभ घसरली तर दगड घट्ट, बारीक, शेवटचा हात फिरवायला बरा. त्याचं शास्त्र ठीक, पण मधल्या मध्ये माझा धंदा बसायचा. एक बाई एकदा म्हणाल्या, "मला दुसरा द्या, न चाटलेला." मी म्हटलं, "बाई, तसा या दुकानात एकही नाही."

तो सुतार होता. उंच, काटकुळा, भुवयांत कायम लाकडाचा भुसा. त्यामुळे एरवी म्हातारा दिसायचा आणि अंघोळ करून आला की एकदम लग्नाचा. नम्रपणा त्याच्या अंगाला कधी लागला नव्हता. "ह्या तालुक्यात सुतार दोनच," तो सांगायचा. "एक मी. दुसरो माजो बापूस, तो मेलो."

माझ्या गिऱ्हाइकांना सल्ला देणं हा त्याचा छंद. तारकर्लीचा एक होमस्टेवाला माझ्याकडचा सगळ्यात बारीक आणि महाग दगड घ्यायला निघाला होता. मी कागदात गुंडाळत होतो. हा मागून म्हणाला, "काय कापतलंस रे तेच्यार धार लावन?"

"सुरमई," तो बिचारा म्हणाला.

"मगे ह्यो बारीक कित्याक? सुरमयेची दाडी करूची आसा?"

दुकान हसलं. होमस्टेवाला लाल झाला. हा सांगतच सुटला, "गुळगुळीत धार माशाच्या सालार घसारता. सुरयेच्या धारेक थोडी खरखर होयी. ह्यो भरड घे, दोन हात मार आणि जा." माझा महाग दगड परत चळतीत गेला. माडावर चढणारा गडी कोयत्यासाठी बारीक दगड मागायला लागला, तर याचं म्हणणं, "कोयत्याक असलो दगड म्हणजे रेड्याक पावडर."

पण पटाशी आणि रंध्याचं पातं हा विषय निघाला की त्याची थट्टा बंद व्हायची. आवाज खाली यायचा. "सुरी खळग्यातसुद्दा धार घेता," तो म्हणायचा. "पटाशी घेणा नाय. पटाशेक दगड सपाट होयो. तळ्यातल्या पाण्यासारको." मधे खोलगट झालेल्या दगडावर पटाशी घासली, तर तिची सरळ धार नखासारखी गोलावते आणि मग ती सरळ खाच पाडत नाही, असं तो नख दाखवून समजवायचा.

तो नेहमी बरोबर असायचा असं मात्र समजू नका. मी एकदा हिऱ्याची पूड चिकटवलेली पोलादी पट्टी मागवली. त्याने ती चाटली आणि तोंड वाकडं केलं. "ह्येका चवच नाय. कोण घेतलो नाय." ती पट्टी आज माझ्याकडे सगळ्यात जास्त खपते. तो काही दर वेळी खरा ठरायचा नाही. मोठ्याने मात्र दर वेळी बोलायचा.

आणि एवढं चाटून, पारखून, दुसऱ्यांच्या गळ्यात मारून तो स्वतः कधीही दगड घ्यायचा नाही. शेवटचा दगड चळतीवर ठेवायचा, हात झटकायचा आणि ठरलेलं वाक्य बोलायचा.

"बरो आसा. पण माजो आसा घराक."

त्या घरच्या दगडाची गोष्ट मी हसत हसत ऐकली होती. तुम्हीही हसाल. हसून घ्या.

त्याचा बाप होड्या बांधणारा नावाजलेला सुतार. पूर्वी गलबत रिकामं परतायचं तेव्हा बूड जड राहावं म्हणून तळाशी दगड भरत. असल्या एका गलबतातून देवगडच्या बंदरात उतरलेला एक दगड बापाने उचलून आणला. हातभर लांब, वीतभर रुंद, बांगड्याच्या पाठीसारखा निळसर काळा. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फणसाखाली लाकडी घोडीवर तो बसवला आणि जन्मभर त्यावर हत्यारं पाजवली. दोन मुलगे त्याच दगडावर हात चालवायला शिकले.

बाप गेला आणि वाटणी झाली. आमच्याकडे वाटणी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. एका घराला दोन दरवाजे झाले. विहिरीला दोन रहाट लागले. माड झाडावार वाटले. फणस एक वर्ष याचा, एक वर्ष त्याचा. शेवटी दगड उरला. पंचांतले एक म्हातारे कंटाळून म्हणाले, "फोडा रे तो, आणि घेवा अर्दो अर्दो." दोघे भाऊ एकदम ओरडले, "नाय!" एकाच वेळी, एकाच आवाजात. त्या दोघांनी एकमताने केलेली ती शेवटची गोष्ट.

मग दगडाला पाळी लावली. धाकट्या भावाने सुतारकाम सोडलं होतं. तो आणि त्याची बायको घरीच पर्यटकांसाठी खानावळ चालवायचे, म्हणजे त्यांच्याकडे सुऱ्या आणि विळ्या. तेव्हा पंचांनी डोकं चालवलं. मासे खायचे वार धाकट्याला: रविवार, बुधवार, शुक्रवार. मासे न खायचे वार थोरल्याला: सोमवार, गुरुवार, शनिवार. मंगळवार कोणाला, यावर दोनदा चहा झाला. अखेर मंगळवारी दगडाला सुट्टी.

मला तर ऐकून गुदगुल्या झाल्या. दगडाला साप्ताहिक सुट्टी! मी बाजारभर सांगत सुटलो. त्याला राग आला नाही. उलट अभिमान वाटला. "नेम म्हणजे नेम," तो म्हणाला. "तेंच्या वाराक मी दगडाक बोट लावणय नाय. आणि माज्या वाराक तेंनी लावूचा नाय."

आता खरी मेख बघा. सुऱ्या दगडाच्या मधोमध घासतात. तिथे खळगा पडतो. सुऱ्यांना त्याचं काही नाही. पण सोमवारी हा पटाशी घेऊन बसला की दगड मधे दबलेला. मग हा ओली वाळू टाकायचा, एक जड फरशी दगडावर उपडी घालायची आणि ढोपरं टेकून घासत बसायचं, दगड सपाट होईपर्यंत. सोमवारचा अर्धा दिवस त्यातच जायचा. बुधवारी परत खळगा. गुरुवारी परत फरशी. दगड वर्षावर्षाने पातळ होत चालला.

एकदा मी दुकानाचा नवा खण करून घ्यायला त्याच्या घरी गेलो, तेव्हा हा खेळ डोळ्यांनी पाहिला. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, पण भांडण बंद नव्हतं. मधे एक कोंबडी होती. ती कोणाच्या वाटणीची हेही नक्की ठरलं नव्हतं. धाकट्याची बायको पडवीत उभी राहून त्या कोंबडीला म्हणाली, "गो कोंबडये, सांग तुज्या थोरल्या धन्याक. दगड आमी खाणव नाय. घासून घासून तेच खातत."

हा मान वर न करता कोंबडीला म्हणाला, "गो कोंबडये, सांग तिका. पयली आपली खवलां काडून ठेयत जा म्हणान."

"सांग तेंका, खवलां काय चावतत काय?"

"सांग तिका, चावणत नाय, पण पटाशेखाली येतत."

कोंबडी इकडून तिकडे मान वळवत होती. सबंध तालुक्यात इतकी कामात असलेली कोंबडी दुसरी नसेल. पुढे तिचा रस्सा झाला. कोणत्या वारी आणि कोणत्या घरात, याची मात्र वार्ता नाही.

खवल्यांचं प्रकरण तर तो दुकानापर्यंत घेऊन आला. सिगरेटच्या पाकिटातली चांदी उलगडून माझ्या काउंटरवर ठेवली. आत माशाचं एक खवलं. "बग. सुरमयेचा खवला. माज्या दगडार. गुरवारी सकाळी."

"सुरमईला खवलं असतं?" मी उगाच काडी घातली.

"मगे दुसऱ्या माशाचा आसात. माका काय, दगडार कसला खवला होया काय?"

मी म्हटलं, "अरे बाबा, नवा दगड घे. हे बघ, इथे किती पडलेत. तुझा तू घे आणि तो फेक त्यांच्या दारात."

तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला. "तुका कायदो कळणा नाय. दुसरो घेतलंय म्हणजे ह्यो सोडलंय. उद्या कोर्टात तेंचो वकील उबो रवान म्हणतलो, ह्येणां आपलो दगड घेतल्यान, म्हणजे सामाईकातलो हक्क ह्येणां आपण सोडल्यान."

"कोर्टात गेलंय का प्रकरण?"

"नाय," तो म्हणाला. "पण गेला तर?"

इथपर्यंत आपण हसू शकतो. पुढे मला जमलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात. तेल लावतात, हळदकुंकू, झेंडू. काम बंद. शुक्रवार धाकट्याचा. त्याच्या बायकोने सुऱ्या मांडल्या, विळी मांडली आणि मग काय मनात आलं कोण जाणे, ती फणसाखाली गेली. दगड घासून काढला. नखाने एक एक खवलं खरवडलं. धुतला, पुसला. आणि हत्याराला लावतात तसं त्यालाही तेल लावलं. आपल्याकडे तेल म्हणजे खोबरेल. न्हाऊ घालायच्या आधी पोराच्या टाळूवर जिरवावं तसं तिने ते दगडात जिरवलं. तो पीत गेला, ती ओतत गेली. वर झेंडूचं फूल ठेवलं.

पाणी पिणाऱ्या दगडाला खोबरेल म्हणजे काय, हे ज्याला कळतं तो डोक्याला हात लावेल. तेल छिद्रांत बसतं, लोखंडाची पूड धरतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा आरसा होतो. पातं त्यावरून नुसतं घसरत राहतं.

दसऱ्याच्या सकाळी तो दुकानात आला तेव्हा चपला काढायला चपलाच नव्हत्या. तसाच अनवाणी धावत आला होता.

"अभ्यंगस्नान!" तो ओरडला. "माज्या दगडाक अभ्यंगस्नान घातल्यानी! मारल्यानी माका, जित्तो मारल्यानी!"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "अरे, पूजा केली तिने. वाईट करायचं असतं तर फूल कशाला ठेवलं असतं?"

"माका कळणा नाय काय? फूल बगलंय मी."

"मग?"

"मगे काय? फूल घालूचा आणि गप ऱ्हवाचा. तेल कित्याक?" तो पाण्याचा पेला हातात फिरवत बसला. रस्त्यावरून सोनं वाटायला पोरं चालली होती. मग तो तक्रारीच्याच सुरात म्हणाला, "खवला एक ठेवल्यान नाय. घोडीच्या खाचेतलीपण काडल्यान. तितक्या बारीक माजी बायको होती तेवा पण कोणी काडूक नव्हता."

"मग जा आणि हेच तिला सांग."

तो हसला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही. "आणि मधी कोण? कोंबडी खंय आसा आता?"

तो गेला नाही. तिला मात्र पडवीतून त्याची शिवीगाळ ऐकू गेली होती, फणसाकडे तोंड करून घातलेली. तिने पुन्हा कधी दगडाला हात लावून साफ केलं नाही. पुन्हा खवली राहू लागली, आधीपेक्षा जास्त.

नेमकं त्याच दिवसांत त्याच्याकडे मोठं काम आलं होतं. तारकर्लीच्या त्या होमस्टेवाल्याने, ज्याला याने सुरमईची दाढी ऐकवली होती, त्यानेच नव्या बांधकामाच्या पुढच्या दाराच्या दोन फळ्या याच्याकडे करायला दिल्या. फणसाच्या लाकडाच्या. फणसाचं लाकूड सोन्यासारखं दिसतं, पण त्याची रेषा मधेच उलटते. रंध्याचं पातं केस कापेल असं नसलं तर लाकूड तासलं जात नाही, ओरबाडलं जातं. हे त्यानेच मला शिकवलेलं.

आणि दगड तर तेलात बुडालेला. त्याने उकळतं पाणी ओतून पाहिलं, राख लावली, रिठे लावले. वर साफ दिसायचा, चार हात मारले की आतून तेल परत वर.

मी माझ्याकडचा सगळ्यात चांगला दगड काउंटरवर ठेवला. "हा ने. विकत नाही, उसना ने. दार झालं की परत आण. कोर्टाला कळणार नाही, वकिलाला कळणार नाही."

त्याने दगड उचलला. चाटला. कधी नव्हे तो बराच वेळ चाटला. मला वाटलं, नेतो आता. त्याचा हात दगडावरून फिरत होता, सपाट पृष्ठावरून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मग त्याने तो जागेवर ठेवला.

"बरो आसा. पण माजो आसा घराक."

"तुझा तेलात बुडालाय, मेल्या!"

"बुडलो तरी माजोच मा?"

तसल्याच बोथट पात्याने त्याने दारं केली. जोड चोख, माप चोख, पण अंगभर लाकूड ओरबाडलेलं. होमस्टेवाल्याने दारावरून तळवा फिरवला आणि कुसळ काढत मागे सरला. आठवड्याभरात त्याने कणकवलीहून तयार दारं आणली. आत प्लायवूड, वर फणसाच्या रंगाचा कागद. त्या कागदावर फणसाच्या रेषा छापलेल्या होत्या आणि तो एकदम गुळगुळीत होता. गिऱ्हाइकं त्या दारासमोर उभी राहून फोटो काढतात. मी पाहिलंय.

याची दारं टेम्पोतून परत आली. त्याने ती पडवीला टेकवून ठेवली. नंतर पावसात भिजली, मग वाळवी लागली. तालुका केवढासा. दार परत आल्याची बातमी दाराच्या आधी पोचली. जे बापाच्या नावावर काम द्यायचे, तेही मग कुडाळच्या कारखान्यातून तयार माल आणायला लागले. तालुक्यात सुतार दोनच, एक मेलेला. हे वाक्य आता तो बोलायचा नाही. बाजारात दुसरे बोलायचे. शेवटी ते आणखी एक वाक्य जोडायचे, ते मी इथे लिहीत नाही.

तो मात्र सोमवार, गुरुवार, शनिवार दगड घासत राहिला. तेल जिथवर मुरलं होतं, तिथवर त्याने दगड घासून काढला. दगडाचा एक अख्खा थर चिखल होऊन फणसाच्या मुळाशी गेला. असं करून दगड एकदाचा स्वच्छ झाला, पाणी पिऊ लागला, पटाशीला धार देऊ लागला. तेव्हा पटाशीला काम उरलं नव्हतं.

तरी तो दगडाची पाळी चुकवायचा नाही. मी विचारलं, "आता कशाला घासतोस? काम तर नाही."

"काम नाय म्हणान काय झाला? वार तर माजो आसा."

दुकानात यायचा, पण चळतीकडे जायचा नाही. बाकावर बसायचा. कोणी गिऱ्हाईक दगड उचलून विचारात पडलं तरी हा तोंड उघडायचा नाही. माझे महाग दगड आता बिनबोभाट खपत होते. मला त्याचा कधी नव्हे एवढा त्रास व्हायचा.

पावसाळ्यात त्याला ताप आला. आमच्या बाजूला पावसाळ्यातल्या तापाला सगळेच घाबरतात. ओरोसच्या दवाखान्यात ठेवलंय असं कळलं म्हणून मी गेलो. डोळे पिवळे झाले होते, भुवयांत भुसा नव्हता. अंघोळ करून आल्यासारखा दिसत होता, पण तरुण दिसत नव्हता.

"आज काय वार, रे दुकानदारा?"

"बुधवार."

"म्हणजे ती बसली आसतली सुऱ्यो घेवन." तो म्हणाला. "सपाट करून इलंय मी. येकदम सपाट. आता लावतली वाट."

"लावू दे. बरा होऊन जा आणि परत कर सपाट."

"उद्या माजो वार आसा," तो म्हणाला आणि उठून बसायला लागला. परिचारिकेने त्याला खाली झोपवलं. तिला वाटलं, तापात बरळतोय.

तो परत आला नाही.

त्याचा मुलगा गोव्यात कंपनीत आहे. आला, सगळं नीट केलं, आणि जायच्या आधी हत्यारं मोकळी केली. माझ्या दुकानासमोरून भंगारवाल्याची हातगाडी गेली. पटाश्या, रंधे, करवती, बापाच्या वेळचा वाकस, सगळं पत्र्याच्या तुकड्यांवर आडवं पडलेलं. वजनावर गेलं. पटाश्यांच्या धारा उन्हात चमकत होत्या. भंगारवाला अधूनमधून मागे बघत होता, की कोणाला लागायला नको.

त्यानंतर एके दिवशी धाकटा दुकानात आला. मी त्याला इतक्या वर्षांत माझ्या पायरीवर पाहिला नव्हता. माझं दुकान थोरल्याच्या वाटणीचं होतं. तो आपलं सामान पलीकडच्या गल्लीत घ्यायचा. भावासारखाच उंच, पण जाड. चेहऱ्यावर तेच नाक.

"दगड दी एक," तो म्हणाला. "सुऱ्यांचो."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "दगड कशाला तुला? खळ्यातला आता तुझाच. पुतण्या काय गोव्याहून सोमवारी धार लावायला येतो?"

"नाय. तेच्यार आमी लावणव नाय."

"का? कोर्ट, वकील काही आहे का?"

"कसला कोर्ट रे." तो वैतागला. चळतीतला एक दगड उचलून त्याने पुन्हा ठेवला. "त्या दिसा भावाच्या अंगात ताप. रिक्षा दारात उबी. आणि ह्यो बसान वाळू घालता हा. रिक्षावालो आरडता, चला, चला. ह्यो म्हणता, थांब रे, सपाट होवंदे. मी पडवेतसून बगी होतंय. दोन पावलांवर. पाणी तरी नेवन दिवचा, तर मी काय... शनवार तेचो मा."

"मगे तेका न्हेल्यानी. दुसऱ्या दिवसा आमचो वार. हिना विळी घेतल्यान, थंयसर जावन बसली, आणि उठान परत इली. म्हणता, माजो हात जायना. मी गेलंय सुरी घेवन. माजो पण..." त्याने दगडांच्या चळतीवर हात ठेवला, माझ्याकडे न बघता. "आता खळगो पडलो, तर सपाट कोण करतलो?"

मी भरड आणि बारीक अशा दोन बाजूंचा एक दगड काढला, कागदात गुंडाळला, दिला. त्याने तो पिशवीत टाकला आणि पायरी उतरून गेला.

नंतर मी एकदा मुद्दाम त्यांच्या खानावळीत जेवायला गेलो. श्रावण सरत आला होता. खळ्यात फणसाखाली घोडीवर दगड तसाच होता. आता तो इतका पातळ झालाय की बाजूने बघितलं तर घोडीच्या लाकडाच्या वर नीट दिसतही नाही. स्वयंपाकघरात सुरी घासल्याचा आवाज येत होता. मी पडवीत ताटाची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात सर आली. दगडावर पाणी पडलं, आणि मधे कुठेही न साचता चारी कडांवरून सारखं ओघळून गेलं.